छपरावरचे सोलर आणि गावातला वायरमन

गेल्या पावसाळ्यात, जूनच्या अखेरीस, खानापूर तालुक्याच्या जांबोटी भागातल्या एका गावातून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. “सर, इन्व्हर्टरवर सकाळी लाल दिवा लागतो आणि दुपारी ऊन पडलं की आपोआप हिरवा होतो. एजन्सीवाले म्हणतात, बंद करून परत चालू करा. अकरा दिवस आम्ही तेच करतोय.” घर त्याच्या चुलत्यांचे होते आणि छपरावर सहा पॅनलांचे, सुमारे सव्वातीन किलोवॅटचे सोलर बसून अजून वर्षही झाले नव्हते. मी तीस वर्षे आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला आणि आता निवृत्त होऊन बेळगावात घरी असतो, त्यामुळे अशा फोनला नाही म्हणण्याचे कारण माझ्याकडे उरलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलो.

इन्व्हर्टर म्हणजे पॅनलांचा डीसी करंट घरात चालणाऱ्या एसीत बदलणारे यंत्र. बिघाड काय आहे ते त्याच्या पडद्यावरच इंग्रजीत लिहिलेले होते, पण कोणी ते वाचले नव्हते. डीसी बाजूच्या वायरिंगमधून जमिनीकडे गळती होत होती. रात्रभराच्या पावसाने कुठेतरी पाणी शिरे, सकाळी इन्व्हर्टर ती गळती ओळखून स्वतःला बंद ठेवी आणि दुपारपर्यंत ऊन-वाऱ्याने जागा वाळली की मुकाट्याने चालू होई. पाऊस उघडल्यावर आम्ही इन्व्हर्टर बंद करून पॅनलांची ओळ त्यापासून वेगळी केली आणि साध्या मल्टिमीटरने तीन मापे घेतली. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये सुमारे ३०० व्होल्ट मिळाले, पॉझिटिव्ह ते अर्थिंग सुमारे १०० आणि निगेटिव्ह ते अर्थिंग सुमारे २००. एका पॅनलचे साधारण ५० व्होल्ट धरले, तर पॉझिटिव्हकडून दोन पॅनल मोजायचे आणि दुसऱ्या व तिसऱ्याच्या मधल्या जोडाकडे बोट दाखवायचे, इतके हे गणित सोपे आहे. शिडी लावून पाहिले तेव्हा नेमका तोच जोड पत्र्याच्या पन्हाळीत पाण्यात पडलेला होता. त्यातली पिन क्रिम्पिंगच्या हत्याराने, म्हणजे क्रिम्परने, न दाबता साध्या पकडीने दाबलेली होती आणि मागचे नट हातानेच अर्धवट फिरवून सोडलेले होते. नवे प्लग लावून, वायर पन्हाळीतून उचलून चौकटीला बांधून टाकली, तेव्हा अकरा दिवसांच्या त्या दुखण्याचा खर्च दीडशे रुपयांच्या आतच निघाला.

मला अस्वस्थ केले ते पुढच्या गोष्टीने. ज्या मुलाने ते सोलर बसवले होते तो संध्याकाळी स्वतःहून भेटायला आला. मुलगा प्रामाणिक होता, आणि सोलरचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र त्याच्या मोबाईलमध्ये होते. प्रशिक्षणात असे प्लग किती जोडलेस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “दोन. तीस जणांत एकच क्रिम्पर होता, सर.” आणि गळती शोधायला शिकवले होते का, या प्रश्नावर त्याने नकारार्थी मान हलवली. बसवायचे शिकवले होते, बिघाड शोधायचे शिकवले नव्हते. त्या मुलाच्या जागी मी असतो, तर मीही बंद करून चालू करा असेच सांगितले असते.

आपल्या देशाने २०३० सालापर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचे आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ कोटी घरांच्या छपरांवर सोलर बसवण्याचे ठरले असून, घरगुती ग्राहकाला २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. माणसे तयार करण्याचा विचार सरकारने त्याच्या बऱ्याच आधी केला होता, हेही मान्य केले पाहिजे. गुरुग्रामजवळच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत २०१५ पासून सूर्यमित्र नावाचा ६०० तासांचा निवासी अभ्यासक्रम चालवला गेला, पाच वर्षांत ५०,००० सूर्यमित्र तयार करायचे असे ठरले, हरित रोजगारांसाठी वेगळी कौशल्य परिषदही त्याच वर्षी स्थापन झाली, आणि आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा स्वतंत्र ट्रेडही आहे. कागदावर पाहिले तर ही तयारी कमी नाही. ६०० तासही काही थोडे नव्हेत. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात, ६०० तास जर खरोखर हातात पक्कड देऊन गेले तर बरा वायरमन तयार होतो. प्रश्न त्या तासांत मुलाचे हात कशावर फिरले याचा आहे, आणि प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्याच्या शेजारी कोण उभे होते याचा त्याहून जास्त आहे.

सोलरचे काम जुन्या वायरिंगपेक्षा कुठे वेगळे आहे, हे इथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण अनुभवी माणसेही नेमकी इथेच फसतात. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. पॅनलकडून येणारा डीसी करंट शून्यावर येतच नाही, म्हणून चालू लोडवर प्लग ओढला तर ठिणगीची कमान तशीच जळत राहते आणि प्लग, वायर, प्रसंगी छप्परही पेटवते. तीस वर्षे फेजला टेस्टर लावून काम करणाऱ्या मेस्त्रीला चालू लोडवर जोड उघडण्याची सवय मोडावी लागते, आणि सवय मोडणे हे नवे शिकण्यापेक्षा अवघड असते. दुसरे म्हणजे मेन स्विच बंद केला की वायर मेली, असे आपण मानतो. पॅनलवर जोवर उजेड आहे तोवर त्याच्या वायरीत व्होल्टेज असतेच, ढगाळ सकाळीही जवळजवळ पूर्ण असते. तिसरी गोष्ट ग्राहकाच्या गैरसमजाची आहे. गावातला करंट गेला की ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टरही बंद होतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जीवावर बेतेल. हे बसवतानाच समजावून न सांगितल्यामुळे, सोलर असून आमच्या घरात अंधार का, या तक्रारीला किती फोन खर्ची पडतात याची गणती नाही. खुद्द वीज कंपनीच्या लाईनमनांनाही हे सविस्तर शिकवलेले असतेच असे नाही. ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज असे आयात-निर्यातीचे दोन आकडे दाखवणाऱ्या मीटरचे वाचन करताना गोंधळलेले कर्मचारी मी पाहिले आहेत, आणि त्यात त्यांचा दोष मला फारसा वाटत नाही.

हवामानाचेही तसेच आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीचा घाट पावसाने चिंब असतो आणि पूर्वेला अथणीकडे पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख आहे. खानापूरच्या बाजूला पाणी, शेवाळ आणि झाडांची सावली यांच्याशी सामना असतो, तर अथणीच्या बाजूला धूळ आणि उष्णता यांच्याशी, कारण पॅनलचे तापमान जसे वाढते तसे त्याचे उत्पादन घटत जाते. राजधानीत बसून लिहिलेल्या पुस्तिकेत दोन्ही ठिकाणांसाठी एकच प्रकरण असते. (वानरांचा विषय तर कोणत्याच अभ्यासक्रमात नाही, आणि खानापूर तालुक्यात वानर हा पॅनलचा पावसाइतकाच मोठा शत्रू आहे.)

आता भाषेचा मुद्दा. हा विषय आमच्याकडे निघाला की तो लगेच दुसऱ्याच वाटेला लागतो, म्हणून मी तो फक्त वर्कशॉपपुरता मांडतो. कर्नाटकातल्या प्रशिक्षण केंद्रांत शिकवणे कन्नडमध्ये आणि पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. आमच्या मराठी शाळांतून आलेल्या मुलांना बाजारातले, बसमधले कन्नड येते, कन्नड मित्रही असतात. पण सुरक्षिततेचे नियम, आकृतीखालची टीप आणि परीक्षेतला प्रश्न हे सारे त्यांच्यापर्यंत अर्धेमुर्धे पोचते. पारिभाषिक शब्द मराठीत आणावेत असा माझा मुळीच आग्रह नाही. सिरीजला सिरीज आणि पॅरललला पॅरललच म्हणावे, कारण दुकानात तेच मागायचे असते, आणि महाराष्ट्रातल्या कागलला ज्याला डीपी म्हणतात त्याला कर्नाटकातल्या निपाणीत टीसी म्हटले म्हणून ट्रान्सफॉर्मरचे काही बिघडत नाही. मला हवे आहे ते स्पष्टीकरण मुलाच्या भाषेत. पॅनलचे ओपन सर्किट, म्हणजे लोड नसतानाचे, व्होल्टेज इतके जास्त का आणि लोड टाकल्यावर ते उतरते का, हे मी चिक्कोडीकडच्या मुलांना उपसा सिंचनाच्या पाइपवरून सांगतो: वॉल्व्ह बंद असताना पाइपात दाब सर्वांत जास्त असतो, वॉल्व्ह उघडला की पाणी वाहू लागते आणि दाब उतरतो. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या ऊसकरी घरातल्या मुलाला यापुढे काही सांगावे लागत नाही. शिकवणारा कन्नड असो वा मराठी, वर्गात दोन्ही भाषांत बोलणारा एक मदतनीस असला तरी पुष्कळ काम होईल, आणि तसे करण्याला कोणत्याही सरकारी परिपत्रकाची आडकाठी असल्याचे मला दिसत नाही. राजस्थानातल्या तिलोनिया इथे बंकर रॉय यांच्या बेअरफूट कॉलेजने तर लिहिता-वाचता न येणाऱ्या, परदेशातून आलेल्या आणि एकमेकींची भाषाही न समजणाऱ्या प्रौढ स्त्रियांना रंगांच्या खुणा आणि हातवारे यांच्या आधाराने सोलर दिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकवली. तिथे ते जमले, तर शेजारी राहणाऱ्या दोन भाषांत आपल्याला जमू नये, हे पटत नाही.

तरीही माझा सर्वांत मोठा मतभेद आहे तो कोणाला शिकवावे याबाबत. योजना नेहमी बेरोजगार तरुणाला समोर ठेवतात. तो मुलगा तीन महिने शिकतो, गावात महिन्याला एखादेच काम निघते म्हणून पुण्याला किंवा तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडाच्या २,०५० मेगावॅटच्या सोलर पार्कसारख्या ठिकाणी जातो, आणि गाव पुन्हा रिकामे. त्याने जाऊ नये असे कोण म्हणेल? पण बिघाड गावात होतो आणि त्या वेळी गावात जो असतो तो म्हणजे चाळीस-पन्नाशीचा वायरमन. पंपसेटचे स्टार्टर, बोअरची मोटर, लग्नाच्या मांडवाची लाईट हे सारे तोच बघतो; त्याच्यावर लोकांचा विश्वास असतो आणि रात्री दहा वाजता त्याला हाक मारता येते. त्याला ६०० तास निवासी राहणे शक्य नाही. त्याला हवे आहेत सहा-सात रविवार, रोजच्या कामाच्या वेळा सांभाळून, आणि तेही त्याचा मान राखून. मोटर रिवायंडिंग करणाऱ्या माणसाला ओहमचा नियम पहिल्यापासून शिकवायला बसणे हा त्याचा अपमान आहे. त्याला डीसीचा फरक, क्रिम्पिंग, मेगरने (वायरीचे इन्शुलेशन तपासायच्या यंत्राने) घ्यायची मापे आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावरची वीस-पंचवीस वाक्ये दाखवली की बाकीचे तो स्वतः भरून काढतो.

हे मी नुसत्या तर्काने म्हणत नाही. आमच्या लहानपणी, चिक्कोडी तालुक्यातल्या आमच्या गावात, गोबरगॅसची लाट आली होती. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला, १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचे दीनबंधू मॉडेल आले, लोखंडी टाकीचा खर्च आणि गंज दोन्ही वाचले, अनुदान होतेच. पण त्या घुमटाचा आतला गिलावा गॅस धरून ठेवील असा करणे हे कसबी गवंड्याचे काम असते, केसाएवढी भेग राहिली तरी गॅस निघून जातो. आमच्या पंचक्रोशीत तो गिलावा करणारा एकच गवंडी होता. त्याच्या हातचे संच वर्षानुवर्षे चालले आणि इतरांनी बांधलेले दोन-तीन पावसाळ्यांत बंद पडले. आमच्या परसातला दुसऱ्या प्रकारचा होता. पुढे त्यात आम्ही चिपाडे टाकत असू. गोबरगॅसची कल्पना चुकीची होती असे गावात आजही कोणी म्हणत नाही, एवढेच म्हणतात की “तो माणूस गेला आणि मग कोणी बघितलं नाही.” छपरावरच्या पॅनलांबद्दल वीस वर्षांनी हेच वाक्य ऐकू येईल अशी मला भीती वाटते.

मागणीचा प्रश्नही टाळता येत नाही. जुलै २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली घरगुती ग्राहकाला महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे, म्हणजे त्याच्या आधीच्या सरासरी वापरात साधारणपणे दहा टक्के मिळवून जो आकडा येईल तेवढी. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला छपरावर सोलर बसवण्याचे आर्थिक कारण उरत नाही, आणि गोरगरिबांच्या घरातले बिल शून्यावर आले याचे मला वाईटही वाटत नाही. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत असल्याने सोलर पंपाचेही तसेच. दिवसा वीज हवी, रात्री पाणी पाजताना साप-विंचवाच्या भीतीने जीव मुठीत धरायला नको, एवढेच आकर्षण त्याला उरते, आणि ते लहान नाही. तेव्हा आमच्या भागातला सोलरचा गिऱ्हाईक म्हणजे दवाखाने, शीतगृहे, मंगल कार्यालये, शाळा-कॉलेजे, दोनशे युनिटांवर जाणारी मोठी घरे आणि कारखाने. प्रशिक्षण आखणाऱ्याने आधी या गिऱ्हाईकांची यादी करावी आणि मग किती मुले घ्यायची ते ठरवावे. सध्या हे उलटे होते, आधी संख्या ठरते.

कारखान्यांचे नाव निघाले म्हणून बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीबद्दल सांगतो. शाश्वत ऊर्जा म्हटले की सगळ्यांची नजर छपराकडे जाते, भट्टीकडे कोणी बघत नाही. बेळगावचा ओतकाम उद्योग मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युनिडो या संस्थेने ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोबरोबर लघुउद्योगांसाठी जो प्रकल्प राबवला त्यात ओतकामाची तीन केंद्रे निवडली होती, कोईमतूर, इंदूर आणि बेळगाव. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. झाकण उघडे ठेवले, गंजलेला ओला भंगार टाकला, साचे तयार नसताना धातू तापवत ठेवला, की टनामागे पन्नास-साठ युनिट सहज वाढतात. दिवसाला दहा टन ओतणाऱ्या कारखान्यात हे पाचशे-सहाशे युनिट झाले. आपल्याकडे ३ किलोवॅटचे छप्पर दिवसाला सरासरी बारा युनिट देते, म्हणजे त्या एका भट्टीवरचा कामगार नीट शिकलेला असेल तर चाळीस-पन्नास छपरांइतकी वीज रोज वाचते. पण त्या कामगाराच्या प्रशिक्षणाचे उद्घाटन करायला कोणी येत नाही आणि त्याला प्रमाणपत्रही मिळत नाही. एनर्जी ऑडिटर येतो, इंग्रजीत अहवाल देतो, तो अहवाल ऑफिसच्या कपाटात जातो. भट्टीवाल्यापर्यंत त्यातले “झाकण लावत जा” एवढेही पोचत नाही.

परवान्याची एक अडचण फक्त आमच्या सीमाभागातली आहे, तीही नोंदवून ठेवतो. निपाणीचा मुलगा आयटीआय शिकायला कोल्हापूरला जातो, कारण ते जवळ आहे आणि शिकवणे मराठीत आहे. वायरमनचा परवाना मात्र राज्यागणिक असतो. त्यामुळे कागलला काम शिकलेला मुलगा निपाणीत स्वतःच्या नावावर काम करायला गेला की त्याला कागदपत्रांची दुसरी फेरी करावी लागते, आणि ती फेरी टाळण्यासाठी तो कायमचा कोणाच्या तरी परवान्याखाली रोजंदारीवर राहतो. याला उपाय काय, हे माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाच्या आवाक्यातले नाही. मुलांना मी एवढेच सांगतो की कोर्सला नाव घालण्याआधी परवाना कुठला काढायचा ते ठरवा.

जांबोटीच्या त्या फोननंतर आम्ही चार-पाच जणांनी रविवार धरायला सुरुवात केली. खानापूर रस्त्यावर एका ओळखीच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानामागच्या शेडमध्ये सहा जुने पॅनल, भंगारातून घेतलेला एक इन्व्हर्टर आणि एक मेगर एवढा आमचा पसारा आहे. दर रविवारी मी आधी येऊन त्यात मुद्दाम एक बिघाड करून ठेवतो: कधी उलटा लावलेला प्लग, कधी कापलेले अर्थिंग, कधी पाण्यात बुडवलेला जोड. आलेल्यांनी तो शोधायचा, शोधताना प्रत्येक माप मोठ्याने म्हणायचे आणि वहीत लिहायचे. नऊ वायरमन नियमित येतात, त्यांत तिघे कन्नड आहेत आणि त्यांतला एक आमच्या सगळ्यांत हुशार निघाला. ज्या मुलाने जांबोटीचे सोलर बसवले होते तोही येतो, आणि गेल्या महिन्यात त्याने बुडवलेला जोड सात मिनिटांत शोधला.

क्रिम्पर मात्र अजून एकच आहे. चांगला घ्यायचा तर प्रत्येकाला परवडत नाही आणि स्वस्तातला घेतला तर पुन्हा तोच अर्धवट दाबलेला प्लग. म्हणून वर्गणी काढून आणखी दोन घ्यायचे ठरले आहे. ते त्या दुकानात राहतील. नेणाऱ्याने वहीत नाव, गाव आणि कोणाच्या घरचे काम ते लिहायचे, आणि परत आणताना किती प्लग दाबले तो आकडा टाकायचा. वर्गणीतले सातशे रुपये अजून कमी पडतात.